टाकाचा दांडा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्यात वाडा पाडला जाणं ही आता बातमी राहिलेली नाही. पेठांमधून चालताना पत्र्याचं कुंपण दिसलं की समजायचं, आणखी एक गेला. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या मित्राचा कसब्यातला वाडा असाच उतरवला. खांब, तुळया, दारं यांचा सौदा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याशी झाला आणि मित्रानं आठवण म्हणून एका तुळईचा वीतभर तुकडा मला आणून दिला. सागवान होतं. बाहेरून धुरानं काळंभोर, पण करवतीनं कापल्यावर आतून मधासारखं निघालं. "याचं काय करू?" मी विचारलं. तो म्हणाला, "कवी तू आहेस, तूच ठरव."

मी त्याचं पेन करून घेतलं. लाकडाचा ठोकळा लेथवर लावून एकेक पेन हातानं कातून देणारी मंडळी हल्ली पुण्यात आहेत. कुणी हौसेनं करतं, कुणी व्यवसाय म्हणून. मी ज्याच्याकडे गेलो तो तरुण इंजिनिअर. नोकरी सांभाळून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करतो. त्यानं आधी माझ्या तुकड्याच्या दोन चौकोनी पट्ट्या कापल्या, एक दांड्याची, एक टोपणाची. पट्टीला मधोमध भोक पाडलं, त्यात पितळेची नळी चिकटवली आणि ती पट्टी लेथच्या सळईवर चढवली. यंत्र सुरू झालं, पटाशी टेकली आणि लाकडाच्या कुरळ्या ढलप्या त्याच्या मनगटावर पडू लागल्या. थोड्या वेळानं तो थांबला आणि पटाशीला धार लावायला बसला. "काका, साग फार छळतो," तो म्हणाला. "धार टिकूच देत नाही."

ते वाक्य मी चाळीस वर्षांनी ऐकत होतो. शेडमध्ये सागाचा वास भरला होता आणि मला माझे मामू आठवले.

माझे मामू खरादी होते. लाकूड गरागरा फिरवून त्याला गोल आकार देणारा तो खरादी. मराठीत त्याला कातारी म्हणतात आणि त्याच्या कामाला कातकाम. बाजेचे खूर, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी, देवघराचे खांब, ताबूताच्या कळसाखालची बोंडं, हे सगळं त्याच्याच हातचं. सुतार सरळ रेषेचा माणूस, कातारी वर्तुळाचा. सागाबद्दल मामूंची तक्रार तीच होती. सागाच्या लाकडातच वाळूसारखा बारीक अंश असतो, त्यानं हत्याराची धार मरते. बारीक वस्तू करायची तर मामू हेद मागायचे नाहीतर काळा कुडा. ही दोन्ही लाकडं घट्ट, एकसारख्या पोताची. पटाशीखाली लोण्यासारखी उतरतात.

'खराद' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. 'कातारी' हा अस्सल इथला. दोन्ही शब्द पुण्यात शेजारी शेजारी राहिले. माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला अधूनमधून विचारलं जातं, "तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी त्यांना एवढंच सांगतो की लिहायला काय काय लागतं ते मोजा. कागद हा शब्द फारसी. शाई फारसीतल्या 'सियाही'वरून आली. दौत अरबी. लिहिलेलं ज्यात बांधून ठेवायचं ते दप्तर आणि दप्तरखान्यात ज्या कापडात ते बांधतात तो रुमाल, हेही तिकडचेच. कलम अरबीतून आलं, पण अरबीतही ते ग्रीकांच्या 'कलामोस'शी नातं सांगतं आणि त्याचा अर्थ बोरूचा वेत. मराठीनं तर या एका शब्दाचे तीन संसार थाटले. कलमानं लिहायचं, आंब्याला कलम करायचं आणि कोर्टात कलम लावायचं.

शिवाजी महाराजांनी राज्यकारभाराची भाषा शुद्ध करायला घेतली तेव्हा रघुनाथ पंडितांचा राज्यव्यवहारकोश तयार झाला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या काळातली ही गोष्ट. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशात लेखनवर्ग नावाचा स्वतंत्र भाग आहे, म्हणजे लिहिण्याच्या साहित्याला त्या काळी केवढं महत्त्व होतं पाहा. कोश मोठ्या योग्यतेचा. पण कारकुनाच्या तोंडी शेवटी शाई, दौत, कागद हेच राहिलं. सवयीपुढे पंडितांचं फारसं चालत नाही आणि माझ्या मते ते बरंच आहे.

मात्र त्या काळच्या लेखणीला कातारी लागत नव्हता. ती लेखणी म्हणजे बोरू. ओढ्याकाठच्या वेताची एक कांडी घ्यायची, टोक तिरपं छाटायचं, मधे चीर द्यायची, झालं. पण हे 'झालं' म्हणण्याइतकं सोपं नसावं. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पूर्णपणे लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसं गोल, सुटं, सारखं काढावं, इथपासून बोरू, चाकू, शाई कशी निवडावी इथपर्यंत सगळं त्यात येतं. ब्रह्मनिरूपण करणाऱ्या ग्रंथात चाकू-बोरूची चौकशी येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बोरूचं टोक तिरपं, म्हणून रेघ एकीकडे जाड, एकीकडे बारीक. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत डोक्यावरची रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरं टांगत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही. लिहून झालं की ओल्या शाईवर बारीक वाळू टाकायची. कागदही त्यासाठी घोटून गुळगुळीत केलेला हवा. तो घोटीव कागद बनवणारे पुण्यातच होते. कसबा पेठेतला कागदीपुरा म्हणजे मुसलमान कागदी कुटुंबांचा मोहल्ला. चिंध्या, जुनी गोणपाटं कुजवून, कुटून, त्याचा लगदा पाण्यात कालवून चौकटीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि दगडानं घोटायचा. पेशवाईतला हिशेब, तह, तक्रार, लग्नाची आमंत्रणं अशाच हाती बनलेल्या कागदांवर उतरली. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या दशकात संपादित केले आणि तरीही न वाचलेले रुमाल हजारोंनी उरले.

साडेतीन शहाण्यांमध्ये नाना फडणीस अर्धे का, तर ते तलवार चालवत नसत, फक्त लेखणी चालवत. मला ही वाटणी मान्य नाही, पण तो वाद आज नको. मुद्दा असा की त्या लेखणीची कांडी कुणी आणली, कागद कुणी घोटला, दौत कुणी ओतली, यांची नावं त्या रुमालांत शोधून सापडत नाहीत. बारा बलुतेदारांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे. कातारी नाही. तो शहरचा कारागीर, त्याला गावचं बलुतं नाही. बाजारात विकेल तेवढंच त्याचं. संतमेळ्यात गोरोबा आपली माती घेऊन आले, सावतोबा मळा, नरहरी सोनाराची भट्टी, सेना न्हाव्याचा आरसा. कातारी तिथंही दिसत नाही. वास्तविक फिरत्या लाकडावर स्थिर हात धरणं हे अभंगात शोभण्यासारखं चित्र होतं.

कातारी लेखणीपाशी आला तो विलायती निबेमुळं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात पोलादाच्या निबा यंत्रावर बनू लागल्या आणि शतकाच्या मध्यापर्यंत जगातल्या निबांचा मोठा हिस्सा त्या एका गावातून जाऊ लागला. बोटभरही लांब नसलेला हा पोलादी तुकडा. तो नुसता हातात धरून लिहिता येत नाही. त्याला दांडा हवा. निब आगबोटीनं येई, पण दांडा इथं कातला जाऊ शकत होता, आणि कातला गेला. निब खोचलेला हा दांडा म्हणजे टाक. काही जण त्याला होल्डर म्हणत.

माझे आजोबा, म्हणजे मामूंचे वडील, पेठेतल्या एका कागद-शाईच्या व्यापाऱ्याला टाकाचे दांडे पुरवत. हिशेब ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर. मामू तेव्हा लहान होते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे असतील. त्यांचं काम पट्टा ओढायचं. आता लेथला मोटर असते आणि लाकूड एकाच दिशेनं फिरतं. तेव्हाची खराद जमिनीलगत असे. लाकूड दोन अणकुचीदार खिळ्यांमध्ये अडकवायचं, त्याला चामड्याच्या पट्ट्याचा वेढा द्यायचा आणि समोर बसलेल्या पोरानं तो पट्टा दोन हातांनी आळीपाळीनं ओढायचा. लाकूड एकदा पुढं फिरे, एकदा मागं. पटाशी टेकवायची ती लाकूड पुढं फिरताना, मागं फिरताना हलकेच उचलायची. कातारी जमिनीवर बसलेला, पटाशीची मूठ हातात आणि पातं पायाच्या अंगठ्यानं आवरलेलं. पट्टा ओढणाऱ्याचा ताल चुकला की दांड्यावर खाच पडे आणि आजोबांचा हात पोराच्या पाठीवर. मामू हसून सांगत, "मी शाळेत गेलो नाही, पण हजारो पोरांच्या शाळेचा पट्टा मीच ओढला."

टाकाचा दांडा दिसायला साधा. मागं निमुळता, मधे जरा पोट, पुढं बोटं टेकायला पुन्हा बारीक आणि अगदी टोकाला पत्र्याची छोटी टोपी, तिच्यात निब खोचायची. हे पोट कुठं द्यायचं त्यातच कसब होतं. जड झालं तर लिहिणाऱ्याचा अंगठा दुखतो, हलकं झालं तर टाक बोटांत फिरतो. मामू मला एकदा म्हणाले होते, "डोळे मिटून धर. बोट जिथं आपोआप थांबतं, तिथं आमचं काम संपतं." मग रंग. दांडा खरादेवर फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घासल्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरून केवड्याचं सुकं पान दाबून फिरवलं की आरशासारखी झळाळी येते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या बाहुल्यांवर दिसते ती झळाळी हीच. आजोबांचे दांडे अर्धे लाल, अर्धे काळे असत. मास्तरांना काळा हवा असे, पोरांना लाल.

टाक आला तरी बोरू लगेच गेला नाही. जुने पंतोजी म्हणत, पोलादी निबेनं वळण बिघडतं. कित्ता बोरूनंच गिरवायचा. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. टोकदार निबेला बोरूची ती ऐटदार जाडी येत नाही. मुंबई सरकारनं १९१७ साली कारभारात मोडीऐवजी बाळबोध लिपी आणायचं ठरवलं तेव्हा एक वळणदार हातच सरकारी कागदावरून उतरायला लागला. छपाईला आणि टंकयंत्राला बाळबोध सोयीची, हे त्यामागचं खरं कारण. आज पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, हौशीनं लोक येतात, पण तेही बॉलपेननं मोडी गिरवतात. मी एकदा गेलो होतो. ते दृश्य पाहून जरा गंमत वाटली.

टाकाच्या मागोमाग शाई पोटात बाळगणारं पेन आलं. पुन्हा दौतीत बुडवायला नको. पण ते बहुतेक विलायती आणि महाग. स्वदेशीचा जोर होता, तेव्हा आपलं पेन का नको, असं लोकांच्या मनात येणं साहजिक होतं. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी ते करून दाखवलं. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. त्याच्या कांड्या हातानं लेथवर कातून त्यांनी पेनं बनवली. त्यांचं एक पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत वर्ध्याला गांधीजींकडे पोचलं आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी तिथून रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे असंही कळवलं. गांधीजींचा स्वतःचा ओढा बोरूकडे होता, ही त्यातली मौज. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली तीही याच वाऱ्यावर. आणि मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली होती, ज्यातून पुढं कॅम्लिनचं नाव घरोघरी गेलं. शाई स्वदेशी झाली, कागद स्वदेशी झाला, पेनही झालं. लाकडी दांड्याचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, कारण तो पहिल्यापासून स्वदेशीच होता. जे आपल्याच गल्लीत बनतं त्याची चळवळ होत नाही.

मग प्लास्टिक आलं, बॉलपेन आलं आणि दांड्यांचा धंदा बसला. मामू सांगत, आधी ग्रोसचे डझन झाले, मग व्यापारी म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना आला नाही. मी शाळेत गेलो ते सत्तरीच्या दशकात. आमच्या बाकांना दौत ठेवायची गोल भोकं होती, पण दौती नव्हत्या. आम्ही त्यात चिंचोके साठवायचो. सुलेखनाला बोरू असे, पाचवीत शाईचं पेन मिळालं. टाक मी पाहिला तो मामूंच्या घरी, खिळ्यांच्या डब्यात. न खपलेले सात-आठ दांडे होते. लाल-काळे. निब नसलेले. त्यातला एक मी मागून घेतला आणि घरी हरवला. कुठं हरवला ते आजही आठवत नाही, आणि याची खंत मला बऱ्याच मोठ्या चुकांपेक्षा जास्त आहे.

मामूंनी नंतर मोटरवरची लेथ घेतली. टीपॉयचे पाय, जिन्याचे कठडे, लाटणी. माझी पहिली कविता छापून आली तेव्हा मी अंक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कविता वाचली नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंकाचा कागद बोटांत चोळून पाहिला आणि विचारलं, "लिहिलीस कशानं?" मी म्हणालो, "बॉलपेननं." ते काही बोलले नाहीत. पुढं एकदा त्यांच्याबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. कारकुनानं शाईचा पॅड सरकवला आणि मामूंनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला. कारकुनानं अंगठा कुणाचा ते शेजारी लिहिलं, बॉलपेननंच. आयुष्यभर पटाशीची मूठ धरून त्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की ठसा धड उठला नाही. दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी अधूनमधून जातो. दिनकर केळकर स्वतः कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं लिहीत. आपल्या गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी जन्मभर वस्तू गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, दौती. राजेरजवाड्यांच्या तलवारी गोळा करणारे पुष्कळ असतात. दौत आणि अडकित्ता गोळा करायला कवी लागतो. तिथल्या दौतींपुढं मी दरवेळी थोडा जास्त वेळ उभा राहतो. त्या कुणी बनवल्या, हे वस्तू सांगत नाही. कारागिरानं आपलं नाव घालायची आपल्याकडे रीतच नव्हती. मामूंच्या दांड्यांवरही खूण नव्हती. एखाद्या जुन्या घरात लाल-काळा टाक निघालाच, तर तो आमचा की आणखी कुणाचा, मलाही सांगता यायचं नाही.

त्या तरुण इंजिनिअरचं तसं नाही. पेन तयार झाल्यावर त्यानं टोपणाच्या आतल्या कडेला सुईच्या टोकानं आपली दोन अक्षरं आणि वर्ष कोरलं. मला ते आवडलं. मी त्याला मामूंबद्दल सांगितलं, पट्ट्याबद्दल, पायाच्या अंगठ्याबद्दल. त्यानं बूट काढले, मोजा काढला आणि बंद लेथसमोर खाली बसून पटाशी अंगठ्यात धरून पाहिली. दोन मिनिटांत घसरली. "काका, हे अशक्य आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ प्रयत्न करत राहिला.

पेनाबद्दल सांगायचं तर, लाकूड शाई पितं, म्हणून शाई नळीतच ठेवावी लागते, लाकडाला लागू द्यायची नाही. माझ्याकडून पहिल्याच महिन्यात ती लागली आणि टोपणाच्या कडेला एक निळा डाग कायमचा राहिला. पावसाळ्यात लाकूड जरा फुगतं आणि टोपण घट्ट बसतं. दिवाळीपर्यंत आपोआप सैल होतं. वाड्यात असतानाही ती तुळई दर पावसाळ्यात अशीच करकरायची, मित्र सांगतो. आजचं हे भाषण मी याच पेननं लिहायला घेतलं होतं. सातव्या पानावर शाई संपली. दुकानं बंद झाली होती, म्हणून उरलेलं बॉलपेननं लिहिलं.